गाडी चालताना थरथरते : पुण्यातल्या कारमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"गाडी व्हायब्रेट होते" ही तक्रार एका वाक्याची, पण तिच्यामागे पंधरा-वीस वेगवेगळे बिघाड असू शकतात. त्यातला नेमका कोणता, हे एकेक पार्ट बदलत बसून कळत नाही. थरथर कधी येते, यावरून कळतं. म्हणून खालचे प्रश्न पार्टांच्या नावांनुसार लावलेले नाहीत, लोक जशी तक्रार सांगतात तसे लावले आहेत.

गॅरेजला नेण्याआधी मी स्वतः काय तपासू?

चार गोष्टी. वीस मिनिटं पुरतात आणि खर्च फक्त पेट्रोलचा.

एक, गाडी जागेवर उभी ठेवा, हँडब्रेक लावा, न्यूट्रलमध्ये इंजिन २,५०० आरपीएमपर्यंत न्या आणि थोडा वेळ तिथेच धरा. इथेच थरथर जाणवली, तर चाकांचा काही दोष नाही. इंजिन, त्याचं माउंटिंग (इंजिनाला धरणारे रबरी आधार) किंवा सायलेन्सरची लाइन बघायची.

दोन, मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ८०-९० पर्यंत जा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. पाय काढताच थरथर थांबली, तर संशय ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद चाकांना नेणारा दांडा) आणि माउंटिंगवर. पाय काढूनही ती तशीच राहिली आणि वेग उतरेल तशी हळूहळू गेली, तर टायर, रिम, बॅलन्सिंग.

तीन, त्याच वेगावरून हलका ब्रेक दाबत ४० पर्यंत या. फक्त याच वेळी स्टेअरिंग हललं, तर प्रश्न ब्रेकचा.

चार, थरथर हाताला जाणवते की बुडाखाली? स्टेअरिंगला जाणवली तर बहुधा पुढची चाकं, सीटला आणि फ्लोअरला जाणवली तर मागची. हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण सुरुवात करायला पुरतो.

शहरात ही चाचणी होत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा तळेगावकडचा सपाट भाग सकाळी लवकर बरा पडतो. कारसाठी तिथली मर्यादा ताशी १०० आहे आणि तपासायला तेवढा वेग भरपूर झाला. घाटात असले प्रयोग करू नका, आणि न्यूट्रल टाकून उतार उतरणं तर अजिबात नको.

ताशी ८० ते १०० च्या मध्ये स्टेअरिंग थरथरतं, पुढे कमी होतं. असं का?

हे चाकाचं बॅलन्सिंग बिघडल्याचं ठरलेलं लक्षण आहे.

१६५/८० आर १४ हा टायर घ्या. त्याचा घेर सुमारे १.९५ मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास १३ फेरे मारतं. रिमच्या कडेला एका बाजूला फक्त २० ग्रॅम जादा असले, तरी या वेगाला ते सव्वादोन किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतात, आणि तेही सेकंदाला १३ वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेला. ताशी ४५ ला हाच जोर चौपटीने कमी, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास असतो, म्हणून शहरात काही कळत नाही. आणि चाक-सस्पेन्शनची स्वतःची डोलण्याची लय सेकंदाला १० ते १५ च्या आसपास असते. दोन्ही लयी जुळल्या की थरथर फुगते, वेग त्यापुढे गेला की लय सुटते आणि थरथर कमी वाटते. जोर मात्र वाढतच असतो. बेअरिंग आणि टाय रॉडला (स्टेअरिंग चाकाशी जोडणारा दांडा) तो पुरेपूर पोचतो. "११० ला स्मूद चालते, मग सोडून द्या" हे म्हणूनच बरोबर नाही.

इलाज : चारही चाकांचं बॅलन्सिंग. दर १०,००० किलोमीटरला, आणि पंक्चरसाठी टायर रिमवरून उतरवला असेल तर त्या चाकाचं लगेच.

बॅलन्सिंग परवाच केलं, तरी थरथर आहे. आता?

बॅलन्सिंग केलं आणि बॅलन्सिंग नीट झालं, यात फरक आहे. मशीनजवळ उभे राहा आणि एवढं बघा.

जुनी वजनं आधी काढली का? जुन्यावर नवी चिकटवत गेलं की एकाच रिमवर समोरासमोर वजनं बसतात. टायरच्या नक्षीतले खडे आणि रिमच्या आतली माती काढली का? चाक मशीनच्या शाफ्टवर योग्य मापाचा कोन (शंकू) लावून मधोमध बसवलं का? मशीनला तीन आकडे द्यावे लागतात : रिमचं अंतर, व्यास आणि रुंदी. घाईत मागच्या गाडीचेच आकडे राहिले, तर मशीन दोन्हीकडे शून्य दाखवेल आणि चाक मात्र बिघडलेलंच राहील.

एक सोपी परीक्षा मागून घ्या. शून्य-शून्य आल्यावर चाक सैल करून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायला सांगा आणि परत फिरवायला सांगा. आकडा ५ ग्रॅमच्या आत राहिला तर काम चोख. १५-२० ग्रॅम आला, तर चाक मशीनवर मधोमध बसलंच नव्हतं. कारागीर थोडा वैतागेल, वैतागू द्या.

चाक फिरत असताना रिमच्या कडेकडेही बघा. कड डावी-उजवीकडे किंवा वर-खाली नाचताना दिसली तर रिम वाकलेली आहे. वाकलेल्या रिमचंही बॅलन्सिंग मशीनवर होतं, कारण मशीन वजन मोजतं, गोलाई नाही. रस्त्यावर मात्र ते चाक उड्या मारतच चालतं.

एवढं करूनही थरथर गेली नाही, तर पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे घाला. थरथर स्टेअरिंगमधून सीटकडे गेली, तर दोष त्या दोन चाकांपैकी एकात आहे. जिथल्या तिथेच राहिली, तर चाकांचा नाद सोडा आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), बेअरिंग, सस्पेन्शनकडे वळा. ही अदलाबदल फुकट आहे आणि पुष्कळ पैसे वाचवते. स्टेपनी मात्र यात धरू नका. हल्ली बऱ्याच गाड्यांत ती वेगळ्या मापाची असते.

आणि अलाइनमेंट?

थरथरीसाठी गाडी दाखवायला गेलं की पहिल्यांदा अलाइनमेंट गळ्यात मारली जाते. अलाइनमेंट चुकली तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ जाताना स्टेअरिंग वाकडं राहतं, टायर आतून किंवा बाहेरून जास्त घासतो. त्यामुळे थरथर थेट येत नाही. हजारो किलोमीटर चुकीच्या टोवर (चाकं समोर सरळ न राहता आत किंवा बाहेर वळलेली) चालून टायरला करवतीच्या दातांसारखी झीज झाली की मग येते. पण तेव्हा अलाइनमेंट करून टायर पुन्हा गुळगुळीत होत नाही. नक्षीवरून तळवा आधी एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवा. एकीकडे हात सरकतो आणि दुसरीकडे अडतो, तर तीच ती झीज.

पावसात ताम्हिणीला जाऊन आलो, आणि परत येतानाच थरथर सुरू झाली.

पैसे खर्च करण्याआधी चाकं आतून धुवा. अलॉयच्या आतल्या पन्हाळीत लाल चिखल बसतो, वाळतो आणि विटेसारखा घट्ट होतो. साध्या वॉशिंगमध्ये चाकाचा बाहेरचा भाग चकाचक होतो, आतला तसाच राहतो. पाइप आरांच्या मधून आत धरा. पाण्याचा मारा पुरला नाही तर लाकडी पट्टीने खरवडा. लोखंडी वस्तू वापरू नका, आत चिकटवलेली वजनं निघतात.

वजन निघालंय का तेही बघून घ्या. आतल्या बाजूला चौकोनी डाग किंवा डिंकाचा पट्टा दिसतो, पण वजन नसतं. मग धुऊन भागणार नाही, बॅलन्सिंगच.

खड्ड्यात चाक जोरात आदळलं. काय काय बघायचं?

सर्वात आधी टायरची बाजूची भिंत, बाहेरून आणि आतूनही. स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकाची आतली बाजू दिसते. कुठे लिंबाएवढा किंवा सुपारीएवढा फुगा दिसला, तर आतले धागे तुटले आहेत आणि हवा फक्त वरच्या रबराने अडवून धरली आहे. फुग्याला दुरुस्ती नाही. पॅच नाही, व्हल्कनायझिंग नाही, "मागे टाका, चालेल" हेही नाही. तो टायर बदलायचा, तोवर स्टेपनी. खड्ड्याच्या माराने आलेला फुगा सहसा वॉरंटीत बसत नाही, हे दुकानात जाण्याआधीच माहीत असलेलं बरं.

मग रिम. स्टीलची वाकते आणि ठोकून सरळ होते. अलॉय वाकते किंवा तडकते. हलकी वाकलेली अलॉय मशीनवर सरळ करून देणारे आहेत. तडा गेलेली वेल्ड करून रोजच्या गाडीला लावणं धोक्याचं. दर चार-पाच दिवसांनी एकाच चाकाची हवा उतरत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बघा. वाकलेल्या जागी बुडबुडे येतात.

त्यानंतर लोअर आर्म, टाय रॉड, शॉकअप. पुढचं चाक जॅकवर उचला, मागच्या चाकांना दगड लावा आणि गाडीखाली अंगाचा कोणताही भाग घालू नका. चाक घड्याळ समजा. ३ आणि ९ वर धरून हलवा. टकटक लागली तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंगच्या रॅकमध्ये प्ले, म्हणजे सैलपणा. १२ आणि ६ वर धरून हलवा. इथे प्ले लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दोघांतला कोणता हे ओळखायला दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

हायवेला ठीक आहे, पण ताशी २०-४० ला गाडी बदकासारखी डुलत चालते.

या वेगाला बॅलन्सिंगचा परिणाम जाणवत नाही. तेव्हा चाक गोल नाही, असंच समजा. टायरच्या आतला स्टीलचा पट्टा सुटला असेल, किंवा रिम बरीच वाकली असेल.

पट्टा सुटलेला टायर नुसत्या नजरेला पटकन दिसत नाही. चाक जॅकवर घ्या, विटेवर स्क्रूड्रायव्हर आडवा ठेवून त्याचं टोक नक्षीपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट एकसारखी राहिली पाहिजे. एका जागी टोक नक्षीला टेकलं आणि दुसरीकडे अंतर वाढलं, तर तिथे टायर उचलला गेला आहे. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असला की गाडीत जाणवतोच.

असा टायर घेऊन एक्स्प्रेसवेवर जाऊ नका. सिमेंटचा तापलेला रस्ता, १०० चा वेग आणि सुटलेला पट्टा, एवढं टायर फुटायला पुरतं. टायरचं वयही बघा : बाजूला कोरलेल्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांनंतर रबर कडक होतं. सोसायटीत महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हे जास्त लागू पडतं.

अशा उभ्या गाडीचं आणखी एक. टायर खालच्या बाजूला चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते. हवा बरोबर भरून १५-२० किलोमीटर चालवा, टायर गरम झाला की बहुधा जातं. त्यानंतरही राहिलं, तर तो चपटेपणा कायमचा.

ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं, एरवी गाडी छान चालते.

पुढच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. लोक "डिस्क बेंड झाली" म्हणतात, पण डिस्क खरोखर वाकलेली असणं कमी वेळा घडतं. जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला तरी पॅड त्या जागी किंचित मागे रेटला जातो, आणि ते थेट पॅडल आणि स्टेअरिंगमध्ये येतं. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर असते, त्यावरून हा फरक किती सूक्ष्म आहे ते लक्षात घ्या. डोळ्याला डिस्क स्वच्छ दिसते म्हणून ती चांगली आहे, असं नाही.

पुण्याच्या आसपास याचं सर्वात मोठं कारण म्हणजे घाट. सिंहगड उतरताना तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून खाली यायचं, डिस्क लाल होईपर्यंत तापवायची, आणि पायथ्याला गर्दीत ब्रेक घट्ट दाबून उभं राहायचं. तापलेल्या पॅडचं मटेरियल डिस्कवर त्याच जागी छापलं जातं. तो ठसा पुढे दर फेऱ्याला ब्रेकखाली येतो आणि भोवतालच्या भागापेक्षा वेगळा घासतो. उतरताना दुसरा गिअर ठेवा, ब्रेक थोडा दाबा-सोडा, आणि खाली आल्यावर दोनेक किलोमीटर ब्रेक न वापरता डिस्कला वारा लागू द्या. वरंध, ताम्हिणी, खंबाटकी, सगळीकडे तेच.

दुसरं कारण कोणी बघत नाही : हबवरचा गंज. डिस्क नवी बसवली, पण हब वायर ब्रशने घासला नाही, तर तिथली गंजाची पापडी डिस्कला किंचित तिरकी बसवते. मधोमध जे नखभरही नसतं ते डिस्कच्या कडेला दुपटीने वाढतं, आणि तीन-चार हजार किलोमीटरमध्ये नवीन डिस्कही थरथरायला लागते. मग दोष पार्टवर जातो.

थरथर सीटमधून येत असेल तर मागचे ड्रम बघा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ला, हँडब्रेकचं बटण दाबून धरून, दांडा हलकेच ओढा. फक्त मागचे ब्रेक लागतील. त्याच वेळी गाडी थरथरली तर ड्रम अंडाकृती झालाय. पावसात किंवा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाडीत हे करू नका.

आणि जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल पायाखाली "टरर्र" करतं तो बिघाड नाही. ते एबीएस आहे, म्हणजे ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा.

डिस्क टर्निंग करून (लेथवर सपाट करून) घ्यावी की नवीन टाकावी?

डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. टर्निंग केल्यावरही जाडी त्या आकड्याच्या वर बऱ्यापैकी शिल्लक राहणार असेल, तर एकदा टर्निंग करायला हरकत नाही. काठावर असेल तर नको, कारण पातळ डिस्क लवकर तापते आणि दुखणं परत येतं. टाकायच्याच असतील तर नव्या डिस्क जोडीने, पॅडही नवीन. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कची घळ असते.

टर्निंग करणाऱ्याला एक सांगा : डिस्क लेथच्या चकमध्ये धरताना ज्या पृष्ठभागावर ती हबला टेकते, तोच धरायचा आणि आधी साफ करायचा. नाहीतर तो डिस्क छान गुळगुळीत करून देतो, आणि तीही तिरकी.

पिकअप घेताना गाडी थरथरते, पाय काढला की थांबते.

पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत पहिला संशय ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या सीव्ही जॉइंटवर (शाफ्ट तिरका असतानाही फिरू देणारा सांधा). त्यात तीन रोलर असतात. त्यांच्या खाचा झिजल्या की जोर लागताना शाफ्ट एका रेषेत फिरत नाही, आणि गाडी आडवी थरथरते. चढावर, गाडी भरलेली असताना जास्त. चांदणी चौकाच्या किंवा कात्रजच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दाबल्यावर ठळक जाणवतं.

बाहेरचा सीव्ही जॉइंट वेगळं बोलतो : स्टेअरिंग पूर्ण वळवून पार्किंगमधून निघताना टक-टक-टक.

दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच, फाटलेला रबरी बूट. ग्रीस बाहेर उडतं, पाणी आणि धूळ आत जाते. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस फवारलेलं दिसलं आणि आवाज अजून सुरू झाला नसेल, तर बूट आणि ग्रीस बदलून शाफ्ट वाचतो. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलण्यात अर्थ नाही.

सिग्नलला उभी असताना थरथरते, एसी लावला की आणखी.

आधी गाडीला सिलिंडर किती ते बघा. तीन सिलिंडरचं इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थोडं थरथरणारच; ती त्याची जात आहे. चार सिलिंडरच्या जुन्या स्विफ्टमधून २०२४ च्या तीन सिलिंडरच्या स्विफ्टमध्ये बसलेल्याला हा फरक पहिल्याच सिग्नलला कळतो. तो बिघाड नव्हे.

पण थरथर अलीकडे वाढली असेल तर इंजिन माउंटिंग, आपल्या गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन. आडव्या इंजिनाच्या गाडीत सहसा तीन असतात. बॉनेट उघडा, एकाने आत बसून ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या समोर कधीच नाही. इंजिन एक-दीड सेंटिमीटर हलणं ठीक. धाडकन उचललं गेलं, तर माउंटिंग तुटलं. तेल भरलेल्या माउंटिंगखाली काळं ओघळलेलं दिसलं, तर ते रिकामं झालं.

माउंटिंग चांगलं असूनही आयडल हेलकावे खात असेल, तर थ्रॉटल बॉडीचा कार्बन साफ करून घ्या. हे काम स्वस्त आहे, माउंटिंगच्या आधीच करा.

गाडी मिसिंग करते, झटके खात चालते.

एक सिलिंडर नीट पेटत नाही. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर गॅरेजपर्यंत जाता येईल. दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि शक्य तिथे थांबा : न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो महागडा भाग खलास होतो.

स्कॅनरवर पी०३०१ आला तर पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, आणि असंच पुढे. पी०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त, कुठेही. समजा पी०३०१ आहे. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्याला आणि दुसऱ्याची पहिल्याला लावा, कोड पुसून गाडी चालवा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. पी०३०१ च राहिला तर तेच प्लगबाबत करा, मग इंजेक्टर. चार कॉइल एकदम विकणाऱ्याला हा प्रयोग आवडत नाही.

गाडी फक्त सीएनजीवर मिसिंग करते आणि पेट्रोलवर सुरळीत चालते, असं असेल तर आधी प्लग. सीएनजी पेटवायला जास्त दाबाची ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला, गॅप वाढलेला प्लग पेट्रोलवर निभावतो आणि गॅसवर उघडा पडतो. नंतर गॅस फिल्टर आणि गॅसचे इंजेक्टर.

आणि उंदीर. बेसमेंट पार्किंगमध्ये रात्रभर गरम इंजिनावर बसायला येतात आणि कॉइलच्या वायरी कुरतडतात. सकाळी अचानक मिसिंग सुरू झालं तर स्कॅनरच्या आधी टॉर्च घ्या.

पहिला गिअर टाकून निघताना गाडी थडथडते.

क्लच. प्लेट जळून काचेसारखी गुळगुळीत झाली असेल किंवा तिच्यावर ऑइल सीलमधून तेल आलं असेल. चढावरच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय याचं मुख्य कारण. तिथे हँडब्रेक वापरा. क्लच उघडण्याआधी माउंटिंग तपासून घ्या, लक्षण तंतोतंत तसंच असतं आणि खर्च बराच कमी. काही डिझेल गाड्यांत फ्लायव्हीलही दोन तुकड्यांचं असतं आणि तेही जातं. एस्टिमेटमध्ये ते आहे का विचारा, फरक मोठा पडतो.

थरथरीबरोबर घुंऽऽ असा आवाज येतो, वेगाबरोबर चढतो.

चाकाचं बेअरिंग. ताशी ६० ला रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंग हलकेच डावीकडे, मग उजवीकडे न्या. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग. उलट असेल तर उजवं. दोन्हीकडे काहीच फरक पडत नसेल तर आवाज टायरच्या असमान झिजेचा असू शकतो.

बोलेरो किंवा स्कॉर्पिओसारख्या गाडीला वेगळं काय?

मागच्या चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट. त्याचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे अधिक चिन्हासारखे सांधे) सुकले किंवा झिजले की साधारण ६० च्या पुढे फ्लोअरखाली गुणगुण आणि थरथर येते, आणि गिअर बदलताना "टक्क" असा एक ठोका. ग्रीस निपल असेल तर दर सर्व्हिसला ग्रीस मारून घ्या. शाफ्ट उतरवताना दोन्ही जोडांवर खडूने किंवा छिन्नीने खूण करायला सांगा. खूण न करता शाफ्ट अर्धा फेरा फिरून बसला की आधी नसलेली थरथर सुरू होते.

नवीन अलॉय बसवले आणि थरथर सुरू झाली.

अलॉयच्या मधल्या भोकाचं माप विचारा. स्विफ्टच्या हबचं माप ५४.१ मिलिमीटर आहे. बाजारातल्या अलॉयचं भोक बऱ्याचदा ७३.१ असतं, म्हणजे अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते, तीच पुष्कळदा दिली जात नाही. मग चाक नटांच्या भरवशावर मधोमध बसतं, म्हणजे बसत नाही. रिंग छोट्या रकमेत मिळते. नटही अलॉयच्या बसक्याप्रमाणे (नट जिथे टेकतो ती जागा) हवेत : शंकूच्या बसक्याला शंकूचे, गोल बसक्याला गोल.

कोणत्या थरथरीला गाडी तिथेच उभी करायची?

अचानक सुरू झालेल्या आणि मिनिटागणिक वाढणाऱ्या. विशेषतः कालच चाकं काढली असतील तर नट सैल झाले असण्याची शक्यता मोठी. धोक्याचे दिवे लावून डाव्या कडेला घ्या आणि पाना लावून बघा. बहुतेक छोट्या गाड्यांना नट ८५ ते ११० न्यूटन-मीटर आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. समोरासमोरचे नट क्रमाने आवळायचे, गोल-गोल नाही. हवेच्या गनने एकदम ठोकलेले नट कधी कमी तर कधी इतके जास्त आवळले जातात की डिस्क पिळली जाते. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना लावा.

जळका वास येतोय आणि एकच चाक हात जवळ नेताच चटका देतंय, तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलाय. त्यावर पाणी ओतू नका, थंड होऊ द्या.

मेकॅनिकला नेमकं काय सांगू?

"ताशी ८५ ला सुरू होते, स्टेअरिंगमध्ये, पाय काढला तरी राहते, ब्रेकचा संबंध नाही, दोन आठवड्यांपूर्वी पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं होतं." एवढं सांगितलं की त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसे. आणि त्याला बरोबर घेऊन एक चक्कर मारा. रॅम्पवर थरथर दिसत नाही.

नाना पेठेतून पार्ट स्वतः आणणार असाल तर चेसिस नंबर घेऊन जा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत लोअर आर्मचं बुश किंवा बेअरिंग बदललेलं असतं, आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात.

बिघाड गाडीत नसून रस्त्यातच आहे, असं होतं का?

होतं. सिमेंटच्या रस्त्यावर पाण्याचा निचरा व्हावा आणि टायरला पकड मिळावी म्हणून आडव्या बारीक खाचा पाडलेल्या असतात, आणि ठरावीक अंतरावर जोड असतात. खाचांनी गुणगुण होते, जोडांवर टप-टप वाजतं. हवा पाच-सहा पीएसआय जास्त भरलेली असली की हे दुप्पट जाणवतं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे थंड टायरमध्ये हवा भरा आणि त्याच वेगाने डांबरी रस्त्यावर चालवून बघा. तिथे गाडी शांत असेल, तर गॅरेजचा फेरा वाचला.